कापले ते मागायचे का?

अगं, पासबुक आधी इकडे दे. रागाने चुरगाळू नकोस, पुढचं सगळं काम त्याच्यावरच व्हायचंय. पाहुणे काय म्हणतात ते जरा बाजूला ठेव. "गेले तर गेले, बँकेशी कोण भांडत बसणार" हे म्हणायला त्यांचं काय जातंय? पैसे तुझ्या खात्यातले गेलेत. पण तुझं ते "एक रुपयासुद्धा सोडणार नाही" हेही मला पटत नाही. काही पैसे हक्काने मागायचे असतात, काही मागून बघायचे असतात, आणि काहींवर पाणी सोडायचं असतं. कुठले कशात बसतात ते आज ठरवू. माझ्या नोकरीची सगळी वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळे तिकडची माणसं काय विचार करतात तेही तुला सांगते.

पहिलं म्हणजे, हे तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून 3,000 रुपये 14 ऑगस्ट 2024 पासून जमा व्हायला लागले. राखीपौर्णिमा तोंडावर होती, 17 तारखेला इथे जवळच बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला. आणि त्याच आठवड्यात राज्यभरातल्या बायका बँकांच्या दारात उभ्या होत्या. मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज, काढायला गेलं तर खात्यात काही नाही. सरकारी पैसे आपण अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातात असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधार शेवटचं जिथे जोडलंय तेच खातं धरलं जातं. तुझं आधार जोडलेलं होतं तळेगावच्या एमआयडीसीत कामाला असतानाच्या पगार खात्याला. कंपनीने एका दिवसात पन्नास पोरींकडून फॉर्मवर सह्या घेतल्या, तेव्हा तूही केलीस. काम सुटलं, लग्न होऊन तू परंदवडीला आलीस, ते खातं मागे राहिलं. पगार खात्याला किमान शिल्लक लागत नाही. पण काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करून टाकते आणि तिथून दंडाचं मीटर सुरू होतं. खात्यात पैसेच नसले तर दंड वसूल व्हायचा राहतो, वहीत मात्र साठत जातो. मग एके दिवशी तीन हजार आले आणि साठलेलं सगळं एकदम ओढून घेतलं.

आता या ओळी बघ. बोट ठेवून वाच. 354, 354, 354, 354. मग 590 दोनदा. मग 236. आणि 17.70 चार वेळा. एकूण 2,902 रुपये 80 पैसे. तीन हजारातले तुझ्या हाती उरले 97 रुपये 20 पैसे.

हे आकडे असे वेडेवाकडे का, माहितीये? प्रत्येकात अठरा टक्के जीएसटी मिसळलाय. 354 म्हणजे 300 आणि वर 54. 590 म्हणजे 500 आणि 90. 236 म्हणजे 200 आणि 36. 17.70 म्हणजे पंधरा रुपये आणि कर. कुठलाही आकडा 1.18 ने भाग, बँकेचा मूळ आकार समोर येतो. हे लक्षात ठेव, कारण परत देताना काही ठिकाणी नुसतं मूळ देतात आणि कर राहून जातो. मागताना करासकट मागायचं.

आता एकेक ओळ घेऊ. 354 च्या चार ओळी किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाच्या. इथे तुझी बाजू सगळ्यात भक्कम आहे, म्हणून इथेच जास्त वेळ घालवू. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 ला एक परिपत्रक काढलं, ते 1 एप्रिल 2015 पासून लागू झालं. त्यात बँकांना सांगितलंय की शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवा, मेसेजने, ईमेलने नाहीतर पत्राने. कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक भरली नाही तर दंड लागेल, हे त्यात स्पष्ट लिहा. मगच दंड. तोसुद्धा जितकी तूट तितक्या प्रमाणात. शंभर कमी पडले आणि दोन हजार कमी पडले, दोघींना एकच दंड, असं चालत नाही. आणि नुसत्या या दंडापायी खातं शून्याच्या खाली, वजा रकमेत जाता कामा नये, असंही त्यात आहे.

म्हणजे तू बँकेला विचारायचा प्रश्न एकच: "मला कधी कळवलंत, त्याची तारीख द्या." रडायचं नाही, ओरडायचं नाही. "गरिबाचे पैसे खाता" हे तर मुळीच म्हणायचं नाही. ते वाक्य आम्ही रोज ऐकायचो आणि पुढच्या माणसाला बोलवायचो. पण "नोटीस कधी दिली ते लेखी द्या" म्हटलं की आतला माणूस मान वर करून बघतो.

ते म्हणतील, मेसेज पाठवला होता. पाठवलाही असेल, तुझ्या त्या बंद पडलेल्या जुन्या सिमवर. मी तुला खोटी आशा दाखवत नाही. नोंदवलेल्या नंबरवर खरंच मेसेज गेला असेल तर त्यांची बाजू बरीच सावरते, नंबर बदलल्याचं कळवणं आपल्याकडे होतं. पण मग दर वेळच्या मेसेजची तारीख मागायची, त्यानंतर महिनाभर थांबलात का ते विचारायचं, आणि दंड तुटीच्या प्रमाणात कसा काढला ते गणित मागायचं. या तिन्हींतली एक तरी कडी पुष्कळदा निसटलेली असते. कारण हे दंड कुणी माणूस बसून लावत नाही, संगणक लावतो. शाखेतल्या माणसाला तुझ्यासारखंच ते नंतर कळतं. म्हणून त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. चार्जेस उलटे फिरवायचा अधिकार काही मर्यादेपर्यंत शाखेच्या साहेबांकडे असतो, क्लार्ककडे नसतो. क्लार्कशी अर्धा तास घालवून घरी येणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात! सरळ साहेबांच्या टेबलाशी जायचं.

आता 17.70 च्या ओळी. मेसेजचे पैसे. जेवढे मेसेज पाठवले तेवढ्याचेच घ्या, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगितलंय. बंद सिमवर मेसेज पाठवून त्याचे पैसे घेतले असतील तर मला हसूच येतं. रक्कम सत्तर रुपये ऐंशी पैसे. यासाठी वेगळं भांडायचं नाही, पण अर्जात ओळ घालायची. एखादा साहेब मोठं काही देणार नसला तरी एवढं चटकन देऊन टाकतो.

236 हे एटीएम कार्डाचं वार्षिक. कार्ड तू वापरत नव्हतीस हे खरं, पण परतही केलं नाहीस. हे मागून बघायचं, हक्क म्हणून नाही. दिलं तर दिलं.

आणि आता 590. इथे मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. पाहुण्यांचा मोबाईल हप्त्यावर घेतला, तेव्हा हप्ता कुठल्या खात्यातून जाणार म्हणून तू हेच खातं लिहून दिलंस. कागदावर सही तुझी. खात्यात पैसे नव्हते, हप्ता दोनदा परत गेला, बँकेने दोनदा पाचशे अधिक कर लावला. फायनान्स कंपनीने तिच्या बाजूने वेगळा दंड घेतला असेल तो आणखी निराळा. हे पैसे मागायला गेलीस तर बाकीच्या अर्जाचं वजन जाईल. साहेब हाच मुद्दा धरून बसतील, "मॅडम, हप्ता तुमचाच ना?" तर त्या दोन ओळी सोडून द्यायच्या. हप्ता फिटून गेल्यावरही कंपनीने खात्यावर पैसे मागितले असते तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा मी तुला स्वतः घेऊन गेले असते. एक काम मात्र कर, ती हप्त्याची परवानगी लेखी रद्द करून घे. जुन्या खात्यावर अशी परवानगी जिवंत ठेवू नये. आणि हप्ता परत जाणं म्हणजे नुसता दंड नव्हे. चेक परत गेल्यावर जसा गुन्हा दाखल होऊ शकतो तसा यातही होऊ शकतो, हे पाहुण्यांनाही सांग.

म्हणजे आपला हिशेब असा झाला: 1,416 आणि 70.80 हक्काने, 236 मागून बघायचे, 1,180 सोडले. सतराशे बावीस रुपये ऐंशी पैशांची गोष्ट आहे. आता तू ठरव, एवढ्यासाठी जायचं का. परंदवडीहून सोमाटणे फाटा, तिथून तळेगाव, एक खेप म्हणजे अर्धा दिवस. कामाच्या दिवसात गेलीस तर रोज बुडतो. म्हणून भाताच्या लावणीत किंवा काढणीत जाऊ नकोस, पैसे तिथे बसून आहेत, पळत नाहीत. पण वर्षानुवर्षंही थांबायचं नाही. पैसे कापल्यापासून तीन वर्षांच्या आत बँकेकडे लेखी तक्रार गेलेली बरी. त्यानंतर मुदत संपली म्हणून दार लावून घेतात.

आणि जायचंच तर एकदाच जायचं, नीट कागद घेऊन. दोन प्रती. मराठीतच लिही, त्याला काही होत नाही. मजकूर साधा ठेव: "माझ्या खात्यातून अमुक तारखेला किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल चार वेळा 354 रुपये वजा झाले. दंड लावण्यापूर्वी मला नोटीस मिळालेली नाही. नोटीस पाठवल्याच्या तारखा आणि दंडाचा हिशेब लेखी द्यावा, अन्यथा सदर रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी." खाली मेसेजच्या पैशांची एक ओळ, कार्डाच्या पैशांची एक ओळ, तिथे "कृपया" घाल. पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोड. एक प्रत त्यांना, दुसरीवर पोच. पोच म्हणजे गोल शिक्का, तारीख आणि आवक नंबर. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हण, "बघा की, पण शिक्का मारून द्या." शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समज.

लाडकी बहीणचे पैसे थकबाकीत वळते करू नका, असं तेव्हा महिला व बालविकास खात्याकडून बँकांना सांगण्यात आलं होतं. मंत्री अदिती तटकरे स्वतः तसं बोलल्या होत्या. अर्जात हे लिही, पण शेवटी. पहिला मुद्दा रिझर्व्ह बँकेचाच हवा. मंत्र्यांच्या सूचनेवर साहेब चहा घेत चर्चा करतात, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक म्हटलं की फाईल उघडतात.

तीस दिवस वाट बघ. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे. फी नाही, वकील नाही. तुझी भाची मोबाईलवरून त्यांच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत तक्रार भरेल. नाहीतर 14448 वर फोन करून विचार. पण आधी बँकेकडे लेखी गेली नसशील तर ते तक्रार घेतच नाहीत. शिक्का शिक्का म्हणून मी एवढी का ओरडते, ते आता कळलं? बँकेच्या उत्तरानंतर तिथे जायलाही मुदत असते, तेव्हा तो कागद उशाखाली ठेवून झोपू नकोस.

तिथे एक मेख आहे. "दंड फार जास्त आहे, हे अन्यायाचं आहे" अशी तक्रार लोकपालांकडे टिकत नाही. किती आकार लावायचा हा बँकेचा धंद्यातला निर्णय, असं मानतात. इंग्लंडमध्ये हेच झालं. खात्यात पैसे नसताना खर्च केला की तिथल्या बँका जबर आकार घ्यायच्या. 2006 च्या सुमाराला लोक उठले, अर्ज केले, आणि बँकांनी गुपचूप पैसे परत दिलेही. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि 25 नोव्हेंबर 2009 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. हे आकार म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, ती किंमत वाजवी की गैरवाजवी हे त्या कायद्याखाली तपासता येत नाही, असं. लाखो लोकांचे दावे तिथे अडकून पडले. यातून मी एवढंच घेते की रकमेवर वाद घालायचा नाही, रीतीवर घालायचा. दंड किती, यावर तू हरशील. दंड लावायच्या आधी काय करायला हवं होतं आणि केलं का, यावर तू जिंकू शकतेस.

तू मघाशी हळूच म्हणालीस ते मी ऐकलं. बचत गटाचं कर्ज त्याच शाखेत आहे, तक्रार केली तर साहेब गटाचं कर्ज अडवतील. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी शाखांमधली माणसं बघितलीत. पण गटाचं कर्ज गटाच्या नावावर असतं, गटाची परतफेड बघून मिळतं, आणि कर्ज वेळेवर फेडणारा गट कुठल्याही साहेबाला हवाच असतो. तू गटाची सचिव म्हणून नाही, खातेदार म्हणून जा. ज्या दिवशी गटाचे पैसे भरायला जातेस त्या दिवशी हा अर्ज नेऊ नकोस, एवढं पाळ. त्यांनी अर्धे पैसे देऊ केले तर? घे. पण "संपूर्ण समाधान झाले" असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी वाच. सतराशेतले हजार मिळाले आणि पुन्हा फेरा वाचला तर मी तरी घेईन. तुझा जीव वर्षभर त्याच्यात अडकून राहावा एवढी मोठी ती रक्कम नाही.

खरं सांगू? मागण्यापेक्षा मला घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. ते खातं तसंच राहिलं तर आज परत मिळवलेले पैसे पुढच्या वर्षी पुन्हा जातील. सरकारी बँकांनी गेल्या काही वर्षांत बरंच सुधारल्यासारखं केलंय. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये बचत खात्याची किमान शिल्लकच काढून टाकली. 2025 च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन बँक यांनीही दंड बंद केला. मार्च 2024 पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एकाच दंडातून सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केल्याचं संसदेतल्या उत्तरात आलं होतं. तुझं खातं खाजगी बँकेत आहे, तिथे दंड आहेच. तेव्हा एकतर ते बंद कर, नाहीतर त्याच बँकेत 'मूलभूत बचत खातं' मागून घे. तसं खातं देणं बँकांना बंधनकारक आहे, त्याला किमान शिल्लक नाही, महिन्यात चार वेळा पैसे काढता येतात. त्या बँकेत मग दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. तुला चार वेळा पुष्कळ झाले. मला विचारशील तर बंदच कर आणि पोस्टाच्या पेमेंट बँकेत उघड, तिथे साध्या खात्याला शिल्लक लागत नाही.

पण क्रम चुकवू नकोस. आधी नवं खातं, मग त्याला आधार जोडायचा फॉर्म, मग आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली दिसते ते बघायचं. तिथे नवं नाव दिसलं की मगच जुनं बंद. उलटं केलंस तर पुढचा हप्ता बंद खात्यात जाऊन अडकेल आणि मग वडगावला तहसीलच्या चकरा. आणि जुनं बंद करण्याआधी हा दंडाचा अर्ज देऊन टाक. खातं बंद झाल्यावर पैसे कुठे जमा करायचे हा त्यांना आयता बहाणा मिळतो.

पतसंस्थेतल्या तुझ्या त्या खात्याला यातलं काहीच लागू नाही, हेही सांगून ठेवते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली नसतात, तिथलं गाऱ्हाणं सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातं. तिथे किती जीव ठेवायचा ते तू ठरव, मी काही बोलत नाही.

मंगळवारी ये. सोमवारी बँकेत पाय ठेवायला जागा नसते आणि शनिवारी साहेबांचं लक्ष घड्याळाकडे असतं. अकराच्या सुमाराला फाट्यावर भेटू. येताना आधार, जुन्या कंपनीचं ओळखपत्र असलं तर ते, आणि तुझ्या सासूबाईंचं पासबुकही घेऊन ये. त्यांच्या खात्याला दोन-तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही म्हणालीस ना? दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय धरतात, आणि अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावायला 1 एप्रिल 2024 पासून बंदी आहे. ते खातं पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. काय काय कापलंय ते आपण तिथेच छापून बघू.